ओटीवरच्या हिरव्या रेघा

आमच्या घरी पाहुणे आले की चहाबरोबर माझी परीक्षाही होते. कुणीतरी बिस्किटाचा पुडा उचलतं, मागच्या रेघांखालचे आकडे अंगठ्याने झाकतं आणि म्हणतं, "वहिनी, वाचा आता." मी चष्मा कपाळावर चढवते, पुडा नाकाजवळ नेते आणि एकेक आकडा सांगत जाते. अंगठा उचलला की आकडे तेच निघतात. मग टाळ्या. आमचे हे दर वेळी एकच वाक्य टाकतात, "हिला रेघा वाचता येतात, माझा चेहरा मात्र वाचता येत नाही." इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्या चेहऱ्यात वाचायचं राहिलंय काय, असं मी मनातल्या मनात म्हणते आणि चहा गाळते.

तर मी रेघांची बाई. नगरजवळच्या केडगावात, पुणे रस्त्यापासून जरा आत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून मी बारकोड तयार करणारं आणि वाचणारं सॉफ्टवेअर लिहिते. आधी एमआयडीसीतल्या नोकरीत लिहीत होते, आता घरी लिहिते. शेजारच्या सूनबाईंनी एकदा त्यांच्या माहेरच्यांना माझी ओळख करून दिली, "या काकू कॉम्प्युटरवर रेघा मारतात." मला आधी राग आला. मग विचार केला, यात चूक काय आहे?

या कामाच्या दोन बाजू. आकड्यांच्या रेघा करणं ही एक, आणि रेघांचे परत आकडे करणं ही दुसरी. पहिली सोपी आहे. दुसरी माणसाला म्हातारं करते. दुकानातल्या पुड्यावर बहुधा तेरा आकडे असतात. एकेका आकड्याला दोन काळ्या रेघा आणि दोन पांढऱ्या पट्ट्या. कुठली जाड, कुठली बारीक, एवढाच काय तो फरक. पांढऱ्या पट्टीलाही काळ्या रेघेइतकाच अर्थ असतो, हे लोकांना पटता पटत नाही. गंमत अशी, की तेरातल्या पहिल्या आकड्याच्या रेघा काढतच नाहीत. त्याच्या पुढचे सहा आकडे दोन तऱ्हांनी काढता येतात, आणि कुठला कुठल्या तऱ्हेने काढलाय त्यावरून पहिला ओळखायचा. घरात कोण रुसलंय ते बाकीच्यांच्या वागण्यावरून कळतं ना, तसं. शेवटचा आकडा राखणदार. आधीच्या बारांची एक ठरावीक बेरीज मांडून तो काढतात. मशीनने एखादी रेघ चुकीची वाचली तर हिशेब जुळत नाही आणि मशीन गप्प बसतं. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसावं, हे मशीनला शिकवता येतं. माणसांच्या बाबतीत मी प्रयत्न सोडून दिलाय.

मशीन गप्प बसलं की फोन मला येतो. बेलापूरच्या एका किराणा दुकानदारांचा असाच फोन आला. "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर बाद झालंय. एकही लेबल वाचत नाही." मी गेले. बघते तर शेटजींनी प्रत्येक लेबलाच्या कडेचा पांढरा कागद कात्रीने बेताने कापून टाकलेला. "नुसता कोरा कागद कशाला चिकटवायचा? शोभत नाही," ते म्हणाले. आता त्या कोऱ्या जागेवरूनच तर मशीनला कळतं, की रेघा इथं सुरू होतात आणि इथं संपतात. मी म्हटलं, "शेटजी, दुकानाच्या पायरीवर तुम्ही गुळाच्या ढेपा रचता का?" म्हणाले, "छे! गिऱ्हाईक आत कुठून येणार?" म्हटलं, "ही तुमच्या लेबलाची पायरी आहे." त्यांना ते इतकं पटलं, की आता ते दुसऱ्या दुकानदारांना पायरीचं ज्ञान देतात आणि माझं नावसुद्धा घेत नाहीत.

मग एक गाय होती. गाईच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर नंबर आणि रेघा. एका दूधवाल्यांनी मला तिच्या बिल्ल्याचा फोटो पाठवला. बिल्ल्यावर शेण, नंबर झिजलेला आणि गाईने नेमकी त्याच वेळी मान हलवलेली. "एवढं वाचून द्या," म्हणून खाली हात जोडलेले. रेघा उगीच उंच काढत नाहीत. त्यांच्यावर मळ बसला, ओरखडा आला, तरी इकडून तिकडे एक सरळ वाट स्वच्छ सापडली की पुरते. माझ्या सॉफ्टवेअरने वरपासून खालपर्यंत वाट शोधली आणि शेणाच्या नि बिल्ल्याच्या कडेच्या मध्ये, बोटाच्या नखाएवढ्या जागेत, ती सापडली. राखणदार आकडा जुळला तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. या धंद्यातला आनंद असा असतो. तो कुणाला सांगायला जावं तर समोरचा म्हणतो, "बरं, मग?"

पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आली ती तिसगावची मंगल.

मंगलची माझी आधी नुसती फोनवरची ओळख. तिसगावच्या एका बचत गटाची ती अध्यक्ष. गटातल्या बायका तयार ओटीचे पुडे करायच्या. खण, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, हळदीकुंकवाच्या पुड्या, हिरव्या बांगड्या आणि ओंजळभर गहू, सगळं एका चकचकीत पारदर्शक पुड्यात. शहरातल्या बायकांना ओटी भरायची हौस आहे आणि सामान जमवायला वेळ नाही, हे या बायकांनी बरोबर हेरलं होतं. पुण्याच्या एका मोठ्या दुकानाने श्रावणासाठी पुडे ठेवायचं कबूल केलं. अट एकच, पुड्यावर बारकोड पाहिजे. गटाने नंबर रीतसर घेतला, मी त्याच्या रेघा करून दिल्या, आणि नगरच्या छापखान्यातून पुड्याचा छापील कागद तयार होऊन गेला. माझं काम संपलं होतं.

श्रावण तोंडावर आलेला असताना मंगलचा फोन आला.

"मॅडम, माल परत आला. समदाच."

"का?"

"दुकानातलं मशीन वाचत न्हाई म्हनत्यात. एक बी पुडा वाचंना. आन् मोबाईलवर वाचतंय ओ! आमी समद्या जनींनी आपापल्या मोबाईलवर बघितलं. नंबर बराबर येतोय."

"मग मी बघते. एक पुडा पाठव."

ती आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, एक इचारू? खरं सांगा. रेघांतच कायतरी चुकलं आसंल ना? दुसरं काय न्हाई ना?"

"दुसरं म्हणजे काय?"

"मीच येते पुडा घिऊन," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी ती करंजीचा घाट उतरून एसटीने नगरला आणि तिथून रिक्षाने केडगावला आली. तिशीतली, उंच, अंगाने किरकोळ. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. पाणी प्यायली आणि पिशवीतून पुडा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

मी पुडा बघितला आणि मोठ्याने हसले. रेघा लालभडक होत्या. अस्सल कुंकवाचा रंग.

मंगल हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा माझं हसू जागच्या जागी थांबलं. मग तिने सांगितलं.

तिचा नवरा टेम्पो चालवायचा. अपघातात गेला. सासू, गयाबाई, त्याही विधवा. दोघी एकाच घरात राहतात, एकीला दुसरीशिवाय कुणी नाही. गट सुरू झाला तेव्हा मंगलने खोबरं निवडण्यापासून पुडे बंद करायच्या मशीनपर्यंत सगळं शिकून घेतलं. तिचा हात इतका नेटका, की बायका म्हणाल्या, पुडे तूच भर. गयाबाईंना ते मुळीच मान्य नव्हतं. ओटी ही सवाष्णीने भरायची, विधवेने तिला शिवायचं नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलेलं. त्या स्वतः गटाचे गहू निवडून द्यायच्या, पण ओसरीवर बसून. पुडे भरायच्या खोलीत पाऊल टाकायच्या नाहीत. बायकांनी त्यांचं ऐकलं नाही, मंगलनेही ऐकलं नाही. आणि पहिलाच माल अख्खाच्या अख्खा परत आला.

"मोबाईल वाचतोय आन् दुकान वाचंना, मग कशानं झालं म्हनून बोलनं निघालं," मंगल म्हणाली. "शेवंताकाकू म्हनल्या, वटीच परत आली, ह्याच्याहून वंगाळ काय आसतंय? कुनाचा हात लागलाय त्ये आपल्याला ठावं हाय. कुनी नाव घेतलं न्हाई माजं. घ्यायला कशाला पायजे? आता शुक्रवारी गटाची बैठक हाय. मी पुडं भरायचं न्हाई आसं ठरवनार हायत. मॅडम, मला काम करू नका म्हनलं तरी मी दुसरं बघंन. पर ही गोष्ट माज्या नावाला कायमची चिकटंल. आमच्या आत्याबाईंना, माज्या सासूला, जन्मभर आसंच ऐकावं लागलं. म्हनून मी इचारलं, रेघांतच चुकलंय ना?"

इतकी वर्षं लोक माझ्याकडे येऊन म्हणत आले, की चूक तुमच्या रेघांची आहे, आणि मी भांडत आले की नाही. चूक रेघांचीच असू दे म्हणून हात जोडणारी ही पहिलीच.

मी माझं हातातलं मशीन काढलं. असली मशीनं आपण सगळ्यांनी दुकानात पाहिली आहेत. दाबलं की लाल प्रकाश पडतो. बिस्किटाच्या पुड्यावर धरलं, टीं वाजलं. ओटीच्या पुड्यावर धरलं, काही नाही. पुन्हा धरलं, काही नाही.

"हे बघ मंगल," मी म्हटलं, "या मशीनला रंग कळत नाहीत. ते आपला लाल प्रकाश टाकतं आणि कुठून किती परत येतो तेवढं बघतं. पांढऱ्या कागदावरून प्रकाश परत येतो. काळ्या रेघेत तो बुडून जातो. त्या फरकावरून ते वाचतं. पण लाल रेघेवर लाल प्रकाश टाकला तर तोही पांढऱ्यावरून येतो तसाच परत येतो. त्याला तुमच्या रेघा पांढऱ्या दिसतात. त्याच्या दृष्टीने हा कागद कोरा आहे. मोबाईलचं वेगळं. तो फोटो काढतो, त्याला सगळे रंग दिसतात, म्हणून तो वाचतो."

तिने माझ्या हातातून मशीन घेतलं आणि स्वतः करून बघितलं. बिस्किट, ओटी. बिस्किट, ओटी. मग मशीन खाली ठेवून तिने आपले दोन्ही तळवे समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हंजी माजा हात न्हाई," ती म्हणाली.

"नाही गं बाई, नाही," मी म्हटलं आणि उठून तिचे हात धरले. मी काही फार मायाळू बाई नाही. आमच्याकडे विचारा. पण त्या वेळी मला दुसरं काही करताच आलं नाही.

आम्ही दोघी तशाच उठून नगरला छापखान्यात गेलो. छापखाना शब्बीरभाईंचा. जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नपत्रिका त्यांच्याकडे छापल्या जातात असं ते सांगतात, आणि ते खोटं वाटत नाही. कुठल्या पत्रिकेवर कुठलं दैवत वर हवं, मामांची नावं कुठे यावीत, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक.

"शब्बीरभाई, मी काळ्या रेघा पाठवल्या होत्या. लाल कुणी केल्या?" मी आवाज चढवूनच विचारलं.

"मी केल्या मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "बायकांनी सांगितलं, कुंकवाचा रंग टाका. नसतं सांगितलं तरी मी विचारलं असतं. ओटीवर काळं कोण छापतं? लग्नपत्रिकेत मी काळी शाई वापरत नाही, आणि ही तर ओटी आहे. बायका मला दुकानात येऊन शिव्या देतील."

"अहो, पण मशीनला दिसत नाही ना!"

"मशीनला दिसत नाही, पण बाईला तर दिसतं. घेणार कोण, मशीन की बाई?"

कुणी माझी ओटी भरताना पदरात काळ्या पट्ट्यांचा कागद टाकला असता तर मला आवडलं असतं का? मी स्वतःला आधुनिक म्हणवते. नसतं आवडलं. ही चूक छापखान्याची नव्हती, बायकांची नव्हती आणि रेघांचीही नव्हती. ज्याने ही मशीनं बनवली त्याला ओटी माहीत नव्हती, आणि ज्यांना ओटी माहीत होती त्यांना कुणी मशीन समजावून सांगितलं नव्हतं.

"लाल प्रकाशात काळे दिसतील असे आणखी रंग आहेत," मी म्हटलं. "गडद निळा चालेल. गडद हिरवा चालेल."

शब्बीरभाई निळ्याचे नमुने काढायला वाकले. मंगल एकदम बोलली, "हिरवा."

शब्बीरभाईंनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे बघितलं. हातांत काही नव्हतं. "बराबर," ते म्हणाले. "चुड्याचा रंग. ओटीवर शोभेल." त्यांनी हिरव्याच्या छटा तिच्यापुढे मांडल्या. तिने एकेक कागद उजेडात नेऊन बघितला आणि नव्या बांगडीचा असतो तो गर्द हिरवा काढला. त्या रंगात रेघांचे छोटे कागद छापून घ्यायचे आणि परत आलेल्या पुड्यांवर लाल रेघा झाकून चिकटवायचे असं ठरलं. पहिला कागद छपाईच्या मशीनमधून निघाला तो आम्ही माझ्या पिशवीतल्या मशीनने ओलाच वाचून बघितला. टीं वाजलं. शब्बीरभाईंनी दोन्ही हात वर केले.

रिक्षात बसताना मंगल म्हणाली, "मला समजलं मॅडम. पर मी सांगून कोन ऐकंल? म्हनतील, ही आपलीच बाजू घेती. तुमी याल का शुक्रवारी?"

मी सॉफ्टवेअर लिहिणारी बाई. गावच्या बैठकीत उभं राहून बोलणं हे माझं काम नव्हे. तरी हो म्हटलं. मशीन गप्प बसतं तेव्हा त्याच्या वतीने बोलायला कुणीतरी लागतंच. जाताना केडगावच्या स्टेशनरीच्या दुकानातून लाल जिलेटीनचा कागद घेतला, शाळेतली मुलं नाटकाच्या दिव्यांना लावतात तो. लाल प्रकाशात मशीनला कसं दिसतं हे बायकांना त्यांच्या डोळ्यांनी दिसावं, एवढाच माझा बेत होता.

शुक्रवारी तिसगावात पोचले तेव्हा पुडे भरायच्या खोलीत बायका गोल करून बसल्या होत्या. मध्ये परत आलेल्या पुड्यांचा ढीग. मंगल दाराशी उभी. ओसरीवर एक म्हातारी सूप घेऊन गहू निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी नमस्कार केला.

"तुमी रेघावाल्या बाई व्हय?" गयाबाई म्हणाल्या. "लई लांबनं आला. पर कशाला तरास घेतला? माजी सून हाय, मला का तिची माया न्हाई? माजं पोरगं गेलं तवा लोक मला काय काय बोललं, माजं मला ठावं. पांढऱ्या कपाळाचीनं घरात बसावं, लोकांच्या तोंडी लागू न्हाई. मी हिला सांगत हुते. हिनं न्हाई ऐकलं."

मी समजत होते, की ही म्हातारी मंगलच्या विरोधात आहे. ती भ्यायलेली होती, एवढंच. स्वतः जे सोसलं ते सुनेने सोसू नये म्हणून तिला खोलीबाहेर ओढत होती.

"गयाबाई, दोन मिनिटं आत येता का?" मी म्हटलं. "तुम्ही बघितल्याशिवाय मी सांगणार नाही."

त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथेच टेकल्या. सूप मांडीवर.

मी मशीन काढून लाल रेघांच्या पुड्यावर धरलं. गप्प. दुसरा पुडा, गप्प. मग त्यातल्याच एका पुड्यावर हिरवा कागद चिकटवला आणि धरलं. टीं! बायका दचकल्या आणि हसल्या. मी म्हटलं, "पुडा तोच आहे. आतली ओटी तीच, भरणारा हात तोच. फक्त रेघांचा रंग बदललाय."

"आसं कसं ओ?" शेवंताकाकूंनी विचारलं. भरल्या अंगाच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना खरंच कळायला हवं होतं.

मी जिलेटीनचा कागद त्यांच्या हातात दिला. "डोळ्यांपुढे धरा आणि दोन्ही रेघा बघा. मशीनला असं दिसतं."

त्यांनी धरला. "आगं बया! लाल रेघा गेल्या की! आन् हिरव्या काळ्याभोर झाल्या."

मग कागद हातोहात फिरला. प्रत्येकीने बघितलं, प्रत्येकीने दुसरीला दाखवलं. फिरत फिरत तो उंबऱ्यापाशी गेला. गयाबाईंनी तो सुपातल्या गव्हावरच ठेवला होता. मंगलने "बघा की आत्याबाई" म्हटलं तेव्हा उचलला. पुड्याकडे बघितलं. पण कागद खाली ठेवला नाही. तो तसाच डोळ्यांपुढे धरून त्यांनी मान वर केली आणि खोलीत बघायला लागल्या.

"शेवंते," त्या म्हणाल्या, "तुजं कुकू कुठं गेलं गं?"

शेवंताकाकूंचा हात झटकन कपाळाला गेला. बोटाला कुंकू लागलं ते त्यांनी दाखवलं. "हाय की! ह्ये बघा."

"मला दिसत न्हाई." गयाबाईंची मान हळूहळू फिरत होती. बायका एकेक करून त्यांच्यापुढून जात होत्या. "हिचं बी न्हाई. तुजं बी गेलं, रखमे. बाई, तुमचं बी न्हाई." हसणारीचं हसू मध्येच थांबलं. मान फिरत फिरत दाराशी उभ्या असलेल्या मंगलपाशी आली आणि थांबली. म्हातारीने कागद खाली घेतला, सुनेकडे उघड्या डोळ्यांनी बघितलं. परत वर धरला.

"बाई," त्यांनी मला विचारलं, "म्हंजी ह्या मशीनच्या दिव्याला समद्यांचीच कपाळं पांढरी व्हय?"

मी इथे आले होते रेघांबद्दल सांगायला. कपाळांचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

"हो," मी म्हटलं. "सगळ्यांची."

गयाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. उंबरा ओलांडून आत आल्या. गव्हाच्या पोत्यापाशी उभ्या राहिल्या.

"बाई घाट चढून आल्यात. वटी भरल्याबिगर धाडायचं का त्यास्नी? मंगल, तू भर."

"गयाबाई..." शेवंताकाकूंनी तोंड उघडलं.

गयाबाईंनी लाल कागद त्यांच्या हातात दिला. "तू ह्ये धर डोळ्याला," त्या म्हणाल्या.

मी पदर पसरला. मंगलने पोत्यात हात घालून गव्हाची ओंजळ भरली आणि माझ्यासमोर आली, पण ओंजळ पुढे येईना. गहू बोटांतून गळत होते. तिने एकदा माझ्या कपाळाकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी रडत होते, खोटं कशाला सांगू. मी "भर गं" म्हणणार, तेवढ्यात गयाबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आपले दोन्ही हात सुनेच्या कोपरांखाली धरले आणि तिची ओंजळ हळूहळू पुढे आणली, माझ्या पदरापर्यंत.

आणि मग मंगलने बोटं सैल सोडली.